सक्करदऱ्यापासून पायी : नागपूरचे चार उंबरठे

नागपुरात बघण्यासारखं काय आहे, असं बाहेरच्या माणसाने विचारलं की आपण आधी संत्री सांगतो, मग झिरो माइल, मग ताडोबा आणि पेंच किती तासांवर आहेत ते. म्हणजे एक फळ, एक खांब आणि शहराबाहेर जायचा रस्ता. शहराच्या आतलं काही सांगायची वेळ आली की आपली गाडी अडते. अजिंठ्यासारखी लेणी इथे नाहीत, विजापूरसारखा घुमट नाही, पुण्यातल्या पेशवाईसारखा गाजावाजाही नाही. नागपूरकर भोसल्यांचं राज्य एके काळी कटकपर्यंत पोचलं होतं. त्याच्या खुणा शोधायच्या तर महालातल्या गल्लीत, विजेच्या तारांच्या जाळ्याखाली मान वर करून उभं राहावं लागतं.

यूट्यूबवर नागपूरच्या देवळांचे आणि दर्ग्यांचे व्हिडिओ भरपूर सापडतात. त्यांची भाषा तीन विशेषणांवर चालते : प्राचीन, जागृत, भव्य. प्राचीन म्हणजे किती जुनं, जागृत म्हणजे कुणासाठी, भव्य म्हणजे कशाच्या तुलनेत, हे कुणी विचारत नाही. ड्रोन वर जातो, घुमटाभोवती एक चक्कर मारतो आणि रील संपते. यातली मुख्य अडचण मला ही वाटते की ड्रोनला पाय नसतात. धार्मिक वास्तू पायांसाठी बांधलेली असते. चप्पल कुठे काढायची, किती पायऱ्या चढायच्या, कुठे वाकायचं, कुठे थांबायचं, कुठून मागे फिरायचं, हे बांधणाऱ्याने ठरवलेलं असतं. वरून दिसतो तो फक्त आकार. त्या आकाराने माणसाशी केलेला व्यवहार खालून, चालतानाच कळतो.

म्हणून या लेखात मी नागपूरच्या काही धार्मिक जागांकडे एकाच गोष्टीवरून बघणार आहे, ती म्हणजे त्यांचा उंबरठा. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. तिथे कुठलीही सिस्टीम तपासताना पहिला प्रश्न असतो की कुणाला कुठपर्यंत जायची परवानगी आहे. लॉगिनचं पान कितीही देखणं असो, आतली परवानग्यांची रचना वाईट असेल तर ती सिस्टीम वाईटच. देऊळ, दर्गा, स्तूप यांनाही हा प्रश्न विचारता येतो. आत कोण येऊ शकतं? कसं येतं, ताठ की वाकून? कुठपर्यंत येतं? आणि आत आल्यावर त्याच्याशी वास्तू काय बोलते? सक्करदरा चौकातून निघून हा फेरा पायी होतो. एका दिवसात मात्र करू नये, दोन सकाळी ठेवाव्यात.

पहिला उंबरठा : कोठी

सक्करदरा म्हटलं की नागपूरकराला तलाव, बुधवार बाजार, आयुर्वेद कॉलेज आणि अलीकडे उड्डाणपूल आठवतो. पुलावरून जाणाऱ्याला या भागात थांबण्यासारखं काही दिसत नाही. खाली उतरून रघुजीनगरच्या बाजूला चालत गेलं की छोटा ताजबाग लागतो. एके काळी हा सगळा परिसर भोसल्यांच्या सक्करदऱ्याच्या कोठीचा होता. आता तिथे कॉलन्या, दवाखाने, किराणा दुकानं, कोचिंग क्लासचे बोर्ड आहेत. कॉलनीला नाव राजाचं मिळालं आहे, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर फकिराचं नाव घ्यावं लागतं.

हा फकीर म्हणजे ताजुद्दीन बाबा. जन्म कामठीचा, १८६१ चा. तरुणपणी त्यांनी फौजेत नोकरी केली, मग ती सोडली आणि कामठीत ते वेड्यासारखे भटकू लागले. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात डांबलं गेलं. हे इस्पितळ १८६४ चं. आज त्याचं नाव प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्या बाजूचा चौक लोकांच्या तोंडी अजून पागलखाना चौकच आहे. बाबा तिथे सोळा वर्षं होते. त्यांच्या दर्शनासाठी लोक पागलखान्याच्या दारात गर्दी करू लागले. शेवटी १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांची जबाबदारी घेतली, त्यांना सोडवलं आणि सक्करदऱ्याच्या आपल्या कोठीवर आणून ठेवलं.

ही गोष्ट भक्तिमार्गाच्या पुस्तकांत चमत्कार म्हणून येते. मला ती उंबरठ्याची गोष्ट म्हणून जास्त मोलाची वाटते. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने औरस वारस नाही म्हणून नागपूरचं राज्य खालसा केलं. म्हणजे १९०८ साली कोठीत राहणारा राजा हा राज्य नसलेला राजा होता. इंग्रजी कागदावर एकावर ‘राज्य नाही’ असा शिक्का होता आणि दुसऱ्यावर ‘शुद्ध नाही’ असा. पहिल्याने दुसऱ्याला घरात घेतलं. ज्याच्या हातात हुकूम उरला नव्हता, त्याच्या हातात दार मात्र होतं, आणि ते त्याने उघडलं. हिंदू राजाच्या वाड्यात मुसलमान फकीर राहिला हे आपण कौतुकाने सांगतो. पण हा फकीर सरकारदरबारी वेडा ठरलेला होता, हा भाग आपण घाईघाईने मागे टाकतो. आज आपल्यापैकी किती जण मनोरुग्णालयातून सुटलेल्या माणसाला भाड्याने खोली देतील?

वास्तू म्हणून छोट्या ताजबागेत काय दिसतं? फारसं काही नाही. फरशा, रेलिंग, रंग, फुलांचा आणि लोबानचा वास. कलेच्या इतिहासात नोंद व्हावी असं इथे मला काही सापडलं नाही, आणि ओढूनताणून सापडवावं असंही वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या जागेची सगळी ताकद तिच्या गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट जागा स्वतः सांगत नाही. पहिल्यांदा आलेल्या मुलाला इथे हे कळायला हवं की अमुक दारातून एक माणूस आत आला आणि त्या दिवसापासून या वस्तीचा अर्थ बदलला. धार्मिक जागांच्या भिंतींवर देणगीदारांची नावं संगमरवरात कोरण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यातली एक फरशी गोष्टीसाठी राखून ठेवायला हरकत नसावी.

दुसरा उंबरठा : दर्गा

सक्करदऱ्याहून उमरेड रोडने दक्षिणेकडे चालत राहिलं की मोठा ताजबाग येतो. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबा गेले आणि इथे त्यांची कबर झाली. दर्ग्याची रचना समजून घ्यायची तर घुमटाकडे बघण्याआधी गल्लीकडे बघावं. गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या, इलायचीदाणे, अगरबत्त्या, जरीच्या चादरी, रुमाल. ही दुकानांची रांग म्हणजे या वास्तूची पहिली खोली आहे, फक्त तिला छप्पर नाही. इथे माणूस हळू होतो. हातात काहीतरी येतं, डोक्यावर रुमाल येतो, आवाज खाली येतो. मुख्य दारापर्यंत पोचेस्तोवर रस्त्यावरचा माणूस थोडा बदललेला असतो. इतकं सावकाश आत नेणारं प्रवेशद्वार कुठल्याही महागड्या आर्किटेक्टला जमणं कठीण आहे.

आतली मुख्य कला कुठली, असं विचारलं तर मी चादर म्हणेन. घुमटांचा आणि मिनारांचा आकार ठरीव असतो, देशभर तोच दिसतो. चादर मात्र रोज बदलते. हिरवी, लाल, किनारीला गोटा, मध्ये जरीकाम, वर मोगऱ्याची जाळी. देवळात देवाला सजवतात ते त्याने दिसावं म्हणून. दर्ग्यात सजावट झाकण्यासाठी असते. एकावर एक थर चढत जातात आणि ज्याच्यासाठी आलो तो कधीच दिसत नाही. बघणाऱ्याच्या हाती उरतं ते कापड आणि त्याला टेकवलेलं कपाळ. डोळ्यांना इतकं कमी आणि हातांना इतकं जास्त देणारी कला आपल्याकडे थोडी आहे. इंस्टाग्रामवर ती नीट उतरत नाही, कारण तिची मजा स्पर्शात आहे.

इथे येणाऱ्यांच्या गर्दीवर नजर टाकली की उंबरठ्याच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. टिकली लावलेल्या आज्या, टोपी घातलेले आजोबा, परीक्षेचा निकाल घेऊन आलेली पोरं, नवीन गाडीची चावी टेकवायला आलेला जावई. कुणी कुणाला काही विचारत नाही. “बाबाकडे चाललो जी,” एवढं उत्तर नागपुरात पुरतं, आणि त्या ‘बाबा’ला आडनाव लावावं लागत नाही. परत निघताना कित्येक जण कबरीकडे पाठ न करता दोनचार पावलं उलटे चालत जातात. कुणी शिकवलं म्हणून नाही, पुढच्याला बघून. वास्तूने माणसाच्या चालीवर केलेला हा परिणाम मला घुमटापेक्षा लक्षणीय वाटतो.

आता दोष. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि धार्मिक जागांच्या मोकळ्या अंगणात अनवाणी चालावं लागतं. गेल्या काही वर्षांत ‘सौंदर्यीकरण’ म्हणून आपल्याकडे सगळीकडे, देऊळ असो की दर्गा, गुळगुळीत फरशी आणि ग्रॅनाइट आलं. फोटोत ते चकचकीत दिसतं. तळपायाला ते तव्यासारखं लागतं. मग त्यावर काथ्याची पायघडी टाकायची, तिच्यावर पाणी मारायचं, आणि लोकांनी उड्या मारत आत जायचं. गडद, घोटलेला दगड ऊन पिऊन घेतो, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. अनवाणी माणसासाठीच्या जागेची निवड बूट घातलेल्या माणसाने नकाशावर केली की असं होतं. धार्मिक वास्तूची समीक्षा आधी टाचांनी करावी, मग डोळ्यांनी. पास-नापासचा निकाल टाचा लवकर देतात.

तिसरा उंबरठा : देऊळ

दुसऱ्या सकाळी सक्करदऱ्याहून उलट दिशेला निघावं. रेशीमबाग ओलांडून महालाकडे. रुंद रस्ते हळूहळू अरुंद होतात, प्लॉटचे वाडे होतात, चौकांची नावं माणसांच्या आडनावांवर येतात. बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर वसवलेलं आणि पुढे भोसल्यांनी राजधानी म्हणून वाढवलेलं जुनं नागपूर ते हेच. इतवारी, शुक्रवारी, बुधवारी ही नावं बाजाराच्या वारांवरून पडलेली. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार हा त्या सवयीचा धाकटा भाऊ.

महालातलं रुक्मिणीचं देऊळ बघायला मी लोकांना आवर्जून पाठवतो. रुक्मिणी ही विदर्भाची लेक, कौंडिण्यपूरची. पंढरपुरात ती विठोबापासून वेगळी, आपल्या देवळात उभी असते. इथे माहेरी तिच्या नावाचं कोरीव दगडी देऊळ आहे. भोसलेकालीन देवळांचा विशेष असा की त्यांत दोन बोलींचं मिश्रण आहे. वर शिखर जुन्या नागर वळणाचं, खाली मंडपात महिरपी कमानी, ज्या तेव्हाच्या वाड्यांत, मशिदींत, दरबारात सगळीकडे होत्या. अठराव्या शतकातल्या कारागिराला यात काही विसंगत वाटलं नाही. कमान ही त्याच्यासाठी कमान होती, तिला धर्म चिकटवण्याचं काम नंतरच्यांनी केलं. आज महालातल्या एखाद्या महिरपीखाली उभं राहून ही हिंदू की मुसलमानी असं विचारलं, तर विचारणाऱ्याचं शतक कळतं, कमानीचं नाही.

कोरीव काम डोळे भरून बघावं असं आहे, पण उंबरठ्याचा प्रश्न इथे अवघड होतो. देवळाची रचना पायरीपायरीने माणसं कमी करत जाते. बाहेर अंगण, मग मंडप, मग अंतराळ, मग अंधारा, लहानसा गाभारा. जितकं आत तितकी जागा कमी आणि अधिकारही कमी. ही रचना सुंदर आहे. उजेडातून काळोखाकडे आणि गलबल्यातून शांततेकडे नेण्याची तिची हातोटी वादातीत आहे. पण याच रचनेने शतकानुशतकं माणसं गाळण्याचंही काम केलं. महाराष्ट्रात देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर शिल्पांची इतकी गर्दी का, याची शास्त्रीय उत्तरं बरीच आहेत. माझ्या मनात नेहमी हे येतं की ज्यांना आत सोडलं जात नव्हतं, त्यांच्या वाट्याला फक्त हीच भिंत आली. तीही लांबून.

चोखोबाची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर आहे. १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. या तारखा कलेच्या इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत. त्या यायला हव्यात, असं मला वाटतं. एखाद्या शिल्पाचं वर्णन करताना ते किती जणांना जवळून बघता येत होतं, हे सांगितल्याशिवाय ते वर्णन अपुरं राहतं. देखणेपणाचं मोल त्याने कमी होत नाही. मात्र हिशेब पुरा होतो.

आणि महालबद्दल लिहिताना १७ मार्च २०२५ ची संध्याकाळ टाळता येणार नाही. औरंगजेबाच्या कबरीवरून निदर्शनं झाली, पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि महालात हिंसाचार उसळला. शहराच्या अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्या यादीत कोतवालीही होती आणि सक्करदराही. म्हणजे मी इथे सांगतो आहे तो पायी रस्ता दोन्ही टोकांना बंद झाला. ज्या शहरात बाबांच्या कबरीवर चादर घेऊन जाणाऱ्याचा धर्म कुणी विचारत नाही, त्याच शहरात एका चादरीच्या अफवेने रस्ते पेटले. यावरून ‘आपलं शहर मुळात सलोख्याचं’ असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सलोखा काही जमिनीत मुरलेला नसतो, तो रोजच्या जाण्यायेण्याने टिकतो. सक्करदऱ्याच्या पोराने महालातलं देऊळ आणि महालातल्या पोराने ताजबाग पायी जाऊन बघितलेला असेल, तर अफवेला पसरायला थोडी कमी जागा मिळते. थोडीच, पण कमी.

मधे एक बिनउंबरठ्याची कला

चौथ्या उंबरठ्याकडे जाण्याआधी जुन्या नागपुरातल्या एका कलेची नोंद घ्यायला हवी, कारण तिला दारच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर हिंडत असतात आणि तेव्हाच मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. बांबू, कागद, रंग, कापड यांची ती अवाढव्य बाई रस्त्याने मिरवत नेतात. रोगराई, संकटं, वाईटसाईट सगळं घेऊन जा, असं तिला ओरडून सांगतात आणि शेवटी तिला जाळतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली बाकाबाई भोसले, अशी लोकसमजूत आहे. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्यांचा राग आला त्यांचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, पुढारी, कुणीही सुटत नाही.

देऊळ माणसाला आपल्याकडे बोलावतं. मारबत उलट माणसाच्या दारासमोर येते आणि घाण मागते. तिच्यापुढे प्रवेशाचा प्रश्नच येत नाही, कारण रस्ता हाच तिचा गाभारा. कला म्हणून तिचा आणखी एक गुण मला फार आवडतो. ती जपून ठेवता येत नाही. म्युझियमला ती विकत घेता येणार नाही आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा नव्याने बांधावी लागेल. म्हणजे बांधणारे हात दर वर्षी तयार असावे लागतात. दीडशे वर्षांच्या जवळ आलेली परंपरा दगडाच्या आधाराशिवाय अशी टिकली, हे महालातल्या कुठल्याही शिखराइतकंच मोठं काम आहे. एकाच राजघराण्यातला एक जण फकिराला घरात घेतो म्हणून लोकांच्या लक्षात राहतो आणि एक बाई परक्यांना घरात घेतलं म्हणून दर वर्षी जळते. नागपूरची स्मरणशक्ती दारांवर चालते, ती अशी.

चौथा उंबरठा : स्तूप

महालातून किंवा सक्करदऱ्याहून मेडिकल चौकाच्या बाजूने पश्चिमेला चालत गेलं की दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्म स्वीकारला. स्तूपाचा आराखडा आर्किटेक्ट शिवदानमल यांचा. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. घुमटाचा व्यास सुमारे १२० फूट, उंचीही तेवढीच, आणि अंगावर ढोलपूरचा दगड.

लांबून बघितलं तर ही सांचीची आठवण आहे. अर्धगोल, वर छत्र, समोर कमानी, चक्र. मला बाहेरची बाजू पूर्ण पटत नाही. ती सांचीची आठवण करून देते, आणि थोडी जास्तच मोठ्याने. सांचीच्या तोरणांवरचं बारीक, गजबजलेलं कोरीव काम इथे मोठ्या, सपाट चिन्हांमध्ये आटोपलं आहे. हत्ती, घोडे, सिंह ओळखू येतात, पण त्यांच्याजवळ रेंगाळावंसं वाटत नाही. लाखोंच्या गर्दीला लांबून कळावं, ही त्यामागची गरज मी समजू शकतो.

पण आत पाऊल टाकलं की मत बदलतं. सांचीचा स्तूप भरीव आहे. विटा आणि दगड यांनी गच्च भरलेला. त्याच्या पोटात धातू, म्हणजे अस्थी ठेवायच्या आणि माणसाने बाहेरून प्रदक्षिणा घालायची, हे स्तूपाचं मूळ व्याकरण. आत कुणीच जाऊ शकत नाही, राजाही नाही आणि भिक्षूही नाही. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. चारही दिशांना दारं आहेत आणि आत माणसं. ज्या जागी भरीव स्तूपात माती असती, त्या जागी हजारो लोक उभे राहू शकतात. शेकडो वर्षं ज्यांना देवळाच्या बाहेरच्या भिंतीपाशीही येऊ दिलं नाही, त्यांच्यासाठी बांधलेल्या वास्तूत आर्किटेक्टने आकार दोन हजार वर्षांपूर्वीचा घेतला आणि त्याचं पोट रिकामं केलं, ते माणसांना आत घेण्यासाठी. महाराष्ट्रात गेल्या शंभर वर्षांत बांधलेल्या धार्मिक वास्तूंमध्ये याच्या तोडीचा विचार मला दुसरा दिसत नाही.

इथे गाभारा नाही, म्हणून गाभाऱ्याबाहेरही कुणी नाही. चार दारांपैकी कुठलंच मागचं नाही. घुमटाखाली आवाज फिरतो, त्यामुळे लोक आपोआप हळू बोलतात. वाकावं लागेल असं बुटकं दार नाही, ताठ चालत आत जाता येतं. देवळातला काळोख माणसाला लहान करतो आणि कित्येकांना ते लहान होणं हवंसं असतं. दर्ग्यातली चादर माणसाला कपाळ टेकवायला लावते. या स्तूपातला उजेड माणसाला उभं करतो. तिन्ही अनुभव खरे आहेत, पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वाकवलं गेलं, त्याच्यासाठी उभं राहता येणं हीच पूजा असू शकते. या वास्तूने ते ओळखलं आहे.

१ जुलै २०२४ रोजी याच आवारात भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध आंदोलन पेटलं. लोकांनी बांधकाम मोडलं, आग लावली, आणि त्याच दिवशी सरकारने कामाला स्थगिती दिली. बातम्यांमध्ये हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय झाला. स्तूपाला धोका पोचेल का, मोकळी जागा जाईल का, हे आंदोलकांचे प्रश्न होते. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण वास्तूच्या बाजूने बघितलं तर लोकांनी काहीतरी नेमकं ओळखलं होतं. पार्किंग हाही उंबरठाच असतो. तळघरात गाडी लावून जिन्याने वर येणारा माणूस आणि रेल्वे स्टेशनवर उतरून पिशवी खांद्याला लावून, पोरांचा हात धरून चालत येणारा माणूस, हे दोघं एकाच वास्तूत दोन वेगळ्या दारांनी येतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारी गर्दी कशी येते, ते ज्याने एकदा बघितलं आहे, त्याला मैदान म्हणजे रिकामा प्लॉट वाटणार नाही. ते मैदानच त्या वास्तूचा मंडप आहे. तिथे लोक बसतात, भाकरी सोडतात, झोपतात आणि पुस्तकं विकत घेतात. स्तूप २००१ चा आहे, मैदान १९५६ चं. दीक्षा झाली तेव्हा घुमट नव्हता, जमीन होती.

निकाल

चार जागा तोलून बघायच्या तर मी असं म्हणेन. कोरीव कामात महालातली देवळं बिनतोड आहेत आणि प्रवेशाच्या हिशेबात त्यांचं जुनं देणं मोठं आहे. आत घेण्याच्या हातोटीत मोठा ताजबाग पहिला, अंगणातल्या फरशीत नापास. विचारात दीक्षाभूमी सगळ्यांच्या पुढे, बाहेरच्या नक्षीत जरा सैल. छोट्या ताजबागेकडे दाखवण्यासारखं सर्वांत कमी आहे आणि सांगण्यासारखं सर्वांत जास्त. तीच जागा सर्वांत मुकी आहे.

धार्मिक स्थळांच्या विकासाचे आराखडे येत राहतात आणि पुढेही येतील. त्यांची चर्चा किती कोटींचे, यावर सुरू होते आणि तिथेच संपते. आराखडा समोर आला की तीन साधे प्रश्न विचारता येतील. अनवाणी माणसाच्या पायाखाली मे महिन्यात काय असेल? गाडी नसलेला माणूस कुठल्या दाराने येईल? आणि पहिल्यांदा आलेल्याला या जागेची गोष्ट कोण सांगेल? यातल्या एकालाही फार खर्च लागत नाही. सावलीची झाडं, खडबडीत फिका दगड, अखंड फुटपाथ आणि भिंतीवर दहा ओळी.

सध्या सक्करदऱ्याहून या चारही जागांना जाताना फुटपाथ मधेच संपतो, कुठे दुकान आत शिरलेलं असतं, कुठे डीपी, कुठे उघडी नाली. एका दाराहून दुसऱ्या दारापर्यंत जाणारी वाट अशी तुटकी असेल, तर प्रत्येक जण आपापल्या दाराशीच राहील. पुढची चादर जेव्हा चर्चेत येईल, तेव्हा तिचं कापड हातात घेऊन बघितलेली किती माणसं या शहरात आहेत, यावर बरंच अवलंबून असेल.